गळती नसते, चोरी असते

आमच्या घरमालकांना माणसं आवडत नसत असं म्हटलं तर ते खोटं होईल. चोर त्यांना फार आवडत. साध्या सरळ माणसाशी काय बोलावं हे त्यांना कधी कळलं नाही. पण समोरच्यात जरासा जरी चोर दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा, आवाज मऊ व्हायचा, खुर्ची पुढे सरकायची. मी शुक्रवार पेठेतली त्यांची वरची खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही. पहिला प्रश्न आला तो असा :

"मागच्या ठिकाणी मीटर कोणाच्या नावावर होतं?"

मी म्हटलं, "मालकांच्या."

"हं," ते म्हणाले आणि माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

उभी नोकरी त्यांनी वीज खात्यात, तारांवर आकडे टाकणारे आणि मीटरमध्ये गडबड करणारे पकडण्यात काढली होती. यंत्रमागांच्या या गावात त्या कामाला तोटा नव्हता. निवृत्त झाल्यावर खात्याने त्यांना सोडलं. त्यांनी मात्र काम सोडलं नाही. लग्नाला गेले तर आधी नवरा-नवरी बघायचे नाहीत, मांडवाच्या लाइटिंगची वायर कुठून आली ते बघायचे. शेजारच्या घरी मयत झाली, मालक भेटायला गेले. बायका रडतायत, माणसं खाली मान घालून बसलीयत, आणि हे जिन्याखाली ओणवे होऊन मीटरचा लाल दिवा किती भरभर लुकलुकतो ते निरखतायत. घरी येऊन बायकोला म्हणाले, "फ्रिज बंद ठेवून एवढं लोड? संशयास्पद आहे." ज्याच्या घरी प्रेत होतं तो माणूस यांच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. मालकांनी त्याचाही अर्थ लावला. "बघा, अपराधी मन."

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं, ते दिवसातून एकदा तरी कानावर पडायचं. "गळती असं काही नसतं. चोरी असते." नळ ठिबकला तरी हेच, दूध नासलं तरी हेच, आणि स्वतःचे केस गळाले तेव्हा काय म्हणायचे ते मला माहीत नाही.

आता गाडी. निवृत्तीनंतर त्यांनी एक पांढरी गाडी घेतली होती. ती अंगणात पत्र्याखाली उभी असायची, अंगावर राखाडी कापडाची खोळ घालून. दर सोमवारी सकाळी खोळ निघायची, मालक इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसायचे, काकू म्हणजे त्यांची बायको मागच्या सीटवर, आणि गाडी देवळात जाऊन यायची. झालं, आठवड्याचा प्रवास संपला. पुन्हा खोळ.

अशी गाडी सोमवारी चालू होईनाशी झाली. चावी फिरवली की नुसतं टक्. बॅटरी उतरलेली.

दुसरा कोणी असता तर त्याने गाडी आठवड्यातून दोनदा फिरवली असती किंवा सरळ इलेक्ट्रिशियनला बोलावलं असतं. मालकांनी अंगणाचा पंचनामा केला. त्यात त्यांना सापडली माझी विजेवरची स्कूटर. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात काम करते. रोज तिकडे जायला ती घेतलेली. तिचं चार्जिंग माझ्याच खोलीतून, माझ्याच मीटरवर व्हायचं; खिडकीतून एक वायर खाली सोडलेली असायची. स्कूटर गाडीपासून चांगली लांब उभी असे. पण मालकांना काय, दोघींमध्ये बॅटरी होती हे पुरे होतं.

"तुमची बॅटरी चढते त्याच काळात माझी उतरते," ते म्हणाले. "योगायोग?"

"अहो, पण दोघींच्या मध्ये वायर कुठे आहे?"

ते हसले. असं हसणं मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर बघितलेलं नाही. आपला शहाणपणा आपल्यालाच पेढ्यासारखा गोड लागावा तसं. "वायर असती तर तुम्ही सापडला असता की."

त्यांनी खडूने अंगणात रेघ मारली. रेघेच्या अलीकडे माझी स्कूटर यायची नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा टक्. मग चारही चाकांखाली रबरी चटया आल्या, कारण आता करंट जमिनीतून ओढला जात होता. पुन्हा टक्. मग बॅटरीखाली सागाची फळी. मग गाडी आणि माझी स्कूटर यांच्यामध्ये पत्र्याचा एक आडोसा उभा राहिला, आणि त्या पत्र्यावर आपटून माझ्या गुडघ्याला आलेलं टेंगूळ बरेच दिवस राहिलं. हाच माणूस पेठेत कोणी दाराला लिंबू-मिरची टांगली की "अडाणी लोक" म्हणून नाक मुरडायचा.

शेवटी शफीकभाई आला. त्याचं कोपऱ्यावर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. माणूस काही साधुसंत नव्हता. पहिल्या खेपेला न तपासताच नवी बॅटरी गळ्यात मारून गेला. ती नवीही उतरली तेव्हा मात्र त्याला इज्जतीचा प्रश्न वाटला. त्याने बॅटरीची एक तार सोडवली, मध्ये मीटर लावलं, गाडीची दारं लावून घेतली आणि म्हणाला, "थोडा रुकना पडता साब. गाडी को नींद लगने दो." गाडी बंद केल्यावरही आतली काही यंत्रं थोडा वेळ जागी असतात, ती निजली की खरा आकडा कळतो, असं त्याने मला समजावलं. मग आकडा बघितला. एकेक फ्यूज काढून पुन्हा लावला. डिकीचा दिवा बघितला, समोरच्या खणातला दिवा बघितला, हॉर्न बघितला.

"साब, गाडी एकदम साफ है. जितना घड़ी-बिड़ी को लगता उत्ताच खींच रई. इसमें क्या बी फॉल्ट नै."

"म्हणजे गाडीत गळती नाही."

"नै."

मालकांनी विजयी मुद्रेने माझ्या खिडकीकडे बघितलं. "म्हणजे चोरी!"

शफीकभाईने हत्यारं गोळा करता करता हळूच विचारलं, "चाबी किस के पास रहती, साब?"

"देवघरात," मालक म्हणाले. "घरातल्या माणसांशिवाय तिथे कोणी जात नाही." प्रश्न मिटला. चोर बाहेरचा असतो, हे त्यांना जन्मजात माहीत होतं.

पुढच्या काही दिवसांत एकदा कारखान्यातली लाइट गेली म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. मी घरी आले, स्कूटर रेघेच्या पलीकडे लावली, आणि मला गाणं ऐकू आलं. घरातून नव्हे. घरात मालक झोपले होते, त्यांचं घोरणं खिडकीतून येत होतं. गाणं खोळीतून येत होतं. राखाडी कापडाखाली गाडी गुणगुणत होती.

मी भिंतीकडच्या बाजूला गेले. तिकडची खोळ थोडी वर उचललेली, दार बोटभर उघडं. आत ड्रायव्हरच्या सीटवर काकू. चपला खाली काढून ठेवलेल्या, पाय वर घेतलेले, पदर सैल, डोळे मिटलेले. स्टिअरिंगमागचे बारीक दिवे लागलेले, पंख्याची हवा येतेय, आणि रेडिओवर कानडी गाणं. काकूंचे ओठ त्या गाण्याबरोबर हलत होते.

डोळे उघडल्यावर मी दिसले, तरी त्या दचकल्या नाहीत. पलीकडच्या सीटवर हात थोपटून म्हणाल्या, "बा, ये. बस की."

मी वळसा घालून खोळीखालून आत शिरले. आत उकडत होतं, पण हवा लागत होती.

"घरातल्या रेडिओला हे स्टेशन लागत न्हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नुसती खरखर. गाडीत मात्र झ्याक लागतं. एकदा देवळाहून येताना हे दुकानात गेले हुते, मी पुढं वाकून बटण फिरवलं, तर माज्या माहेरचं बोलणं! लई वर्सांनी बाई. माजं काळीजच हललं."

काकूंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीपाशी. मालकही तिकडचेच, त्यांची आई मराठीचं अक्षर बोलत नसे. पण नोकरीत पुण्याच्या कोणा साहेबाने त्यांच्या कानडी हेलाची चार लोकांत नक्कल केली, आणि त्या दिवशी घरी येऊन त्यांनी हुकूम काढला : या घरात कानडी बंद. साहेबाचा राग साहेबावर काढायची हिंमत नव्हती; बायकोवर काढायला हिंमत लागत नाही. सासू होती तोवर काकू स्वयंपाकघरात तिच्याशी कुजबुजायच्या. सासू गेली. मग कुजबुजायलाही कोणी उरलं नाही. मुलगा पुण्याला, त्याला कानडी येत नाही.

"मनातल्या मनात बोलून बोलून शब्द इसरायला लागले," काकू म्हणाल्या. "आता रोज दुपारी हे झोपले की तासभर बसते. चावी दोन टक फिरवली की वारा पन येतो."

मी त्यांना सांगितलं की त्या दोन टकांनीच बॅटरी उतरते. "मला वाटलंच हुतं," म्हणाल्या. मग माझा हात धरला. "तुला बोलून घ्यावं लागतं माज्यापायी. सांगू का त्यास्नी?"

मी म्हटलं, "मुळीच नको." आणि मनापासून म्हटलं. त्या माणसाला बॅटरी आठवड्याला एक लागली असती तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

पण गोष्ट तिथे थांबायची नव्हती. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात मालकांचा सत्कार ठरला. सर्वांत जास्त वीजचोर पकडणारा अधिकारी म्हणून शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. ते दोन शब्द आम्ही आठवडाभर जिन्यातून ऐकत होतो. त्या सकाळी सफारी घालून, केसांना तेल लावून, काकूंना "आटप" म्हणून ओरडून ते गाडीत बसले. चावी फिरवली.

टक्.

ते उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत संताप होताच, पण खोटं कशाला बोलू, आनंदही होता. सत्काराच्या दिवशीच चोर! ते तडक घरात गेले, पक्कड घेऊन आले आणि मी जिना उतरायच्या आत माझ्या स्कूटरची चार्जिंगची वायर त्यांनी कट्कन तोडली.

"रंगेहाथ!" ते ओरडले.

आवाजाने बोळातली माणसं गोळा झाली. मी काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मालक मात्र लोकांकडे तोंड करून सरकारी भाषेत बोलत होते. "सदर महिला एकटी राहते. कुठे जाते, केव्हा येते, काही ठाऊक नाही. सदर वाहनाची वीज ती गेले कित्येक महिने अज्ञात मार्गाने खेचून घेत आहे. मी आता चौकीवर जाणार आणि खोली आजच्या आज खाली करून घेणार."

ते "एकटी राहते" त्यांनी कोणत्या सुरात म्हटलं ते बोळात सगळ्यांना कळलं. पेठेत एकट्या बाईबद्दल एक वाक्य पुरतं; मग दुसरी खोली मिळत नाही, आणि ऑफिसात बातमी आपल्या आधी पोचते. समोरच्या घरातली बाई माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलीसुद्धा.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. सत्काराला जायचं म्हणून इरकल नेसलेल्या. पायरीवर उभं राहून म्हणाल्या, "तिला सोडा. मी बसते गाडीत. रोज दुपारी. रेडिओ लावते, पंखा लावते. बॅटरी माज्यामुळं उतरती."

आता तरी हा माणूस ओशाळेल असं मला वाटलं. मालक हसले.

"हिला वाचवायला बघतेय. भोळी आहे," ते लोकांना म्हणाले. मग बायकोकडे वळले. "तुला गाडीची चावी फिरवता येते का? कधी हात लावलायस?"

काकू पायऱ्या उतरल्या, ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, सरावाने चावी दोन टक फिरवली, पंख्याचं बटण फिरवलं, रेडिओचं गोल बटण शेवटपर्यंत उजवीकडे नेलं.

काहीच झालं नाही. होणार कसं? बॅटरी मेलेली होती.

"बघा!" मालकांनी टाळी वाजवली. "लागतो का रेडिओ? हिला काय कळतंय यातलं!"

काकू स्टिअरिंगवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. आयुष्यात एकदा चार लोकांत तोंड उघडलं, आणि गाडीनेसुद्धा साथ दिली नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

शफीकभाईला कोणीतरी बोलावून आणलं होतं. सत्काराला उशीर होत होता, म्हणून त्याने शेजाऱ्याची जीप बोळाच्या तोंडाशी आणून लावली, लांब केबल टाकली, एक चिमटा लावला, दुसरा लावला. आणि गाडीत जीव आला. काकूंनी चावी तशीच ठेवली होती. पंख्याचा भसकन वारा सुटला, आणि रेडिओ एवढ्या मोठ्याने ओरडला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. एक बाई ठणठणीत कानडीत शेंगाचटणीची कृती सांगत होती.

अर्ध्या बोळाला कानडी कळते. मागून एका म्हातारीने विचारलंसुद्धा, "लसूण किती म्हणाली ओ?"

लोक हसायला लागले. शफीकभाई पाठ फिरवून खांदे हलवत होता. मालकांनी हात घालून रेडिओ बंद केला, आणि मग ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. अगदी गंभीर चेहऱ्याने, बोट वर करून ते म्हणाले :

"बघितलंत? चोराने स्टेशनसुद्धा बदलून ठेवलंय."

यावर कोणी हसलं नाही. हसण्याची एक हद्द असते.

काकू गाडीतून उतरल्या. नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि सगळ्यांदेखत कानडीत बोलल्या. "नाने री. नाने." मीच हो. मीच.

"मराठीत बोल," मालक दातओठ खाऊन म्हणाले.

"नाने," काकू म्हणाल्या, आणि घरात निघून गेल्या. सत्काराला त्या गेल्या नाहीत.

मालक गेले. शफीकभाईने "गाड़ी बंद नक्को करो" असं बजावल्यामुळे हॉलबाहेर इंजिन चालू ठेवून, आणि कोणी गाडीच नेऊ नये म्हणून दर थोड्या वेळाने उठून खिडकीतून बघत त्यांनी शाल घेतली म्हणे. दोन शब्दांत त्यांनी आपली ताजी केस सांगितली. टाळ्या पडल्या असतील. टाळ्या कशालाही पडतात.

माझी खोली सुटली नाही. पुराव्याअभावी मला सोडून दिल्याचं त्यांनी जिन्यात उभं राहून कळवलं. वायर माझी मीच नवी आणली. बॅटरीपाशी त्यांनी शफीकभाईकडून एक बटण बसवून घेतलं. ते काढलं की गाडी पार मुकी होते. ते बटण मालक रात्रंदिवस सफारीच्या खिशात ठेवायला लागले. त्यानंतर बॅटरी एकदाही उतरली नाही, आणि हे त्यांनी पेठेतल्या प्रत्येकाला सांगितलं. "चोर घाबरला."

मला काकूंची काळजी वाटत होती. दुपारी मी घरी असले तर खोळीकडे लक्ष जायचं. ती गप्प असायची. त्या कुठे जाणार, कोणाचं ऐकणार?

पण काकूंनी ऐकायचं सोडून बोलायला सुरुवात केली होती. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी मराठीचा एक शब्द उच्चारला नाही. जेवायला वाढलंय, दूधवाला आलाय, मुलाचा फोन आलाय, सगळं कानडीत. मालक आधी ओरडले, मग रुसले, मग आपल्याला काही समजतच नाही असं सोंग घेतलं. काकूंची तयारी होती. त्या कानडीत "जेवायला या" म्हणायच्या. हे न समजल्यासारखे बसून राहायचे. काकू आपलं ताट वाढून घेऊन निवांत जेवायच्या आणि झाकपाक करायच्या. चहाचंही तेच. मराठीत मागितलेला चहा त्यांना ऐकूच येत नसे. चोर पकडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला गॅस पेटवता येत नव्हता. काही दिवस ते कोपऱ्यावर टपरीवर चहा प्यायला गेले. तिथे लोक त्यांना शेंगाचटणीची कृती विचारायचे.

एका संध्याकाळी मी कामावरून आले. जिन्याची पहिली पायरी चढले आणि थांबले. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. काकू गॅसपुढे होत्या, आधण उकळत होतं, आल्याचा वास येत होता. मालक दारात उभे होते. आत पाऊल टाकावं की नाही अशा बेताने, उंबऱ्याच्या बाहेर.

मग मालकांनी घसा खाकरला. इतक्या वर्षांनी ती भाषा तोंडात घेताना त्यांचा आवाज एखाद्या पोरासारखा बारीक झाला होता.

"चा कोडु," ते म्हणाले. चहा दे.

काकूंनी मागे वळून बघितलं नाही. पातेल्यात साखर घातली, चमच्याने ढवळलं.

"कोडु अल्ल," त्या म्हणाल्या. "कोड्री."

दे नव्हे. द्या.

मालकांचा हात खिशातल्या त्या बटणाकडे गेला, तिथेच घुटमळला, आणि खाली आला.

"कोड्री," ते म्हणाले.

काकूंनी कप भरला.